शाळिग्राम आणि व्हिट्बीचे साप

दिवाळी सरली की तुळशीचं लग्न. यंदा शाळिग्राम तुळशीजवळ ठेवण्याआधी जरा उजेडात धरून पाहा. दगड एखाद्या बाजूला उघडा असेल तर आत चक्र दिसेल. ते ॲमोनाइटचं कवच आहे. हा समुद्री प्राणी म्हणजे माकूल आणि ऑक्टोपस यांचा नामशेष झालेला भाऊबंद. नेपाळमध्ये काली गंडकीच्या वरच्या खोऱ्यात, हिमालय उभा राहण्याआधी, टेथिस समुद्र होता. त्याच्या तळच्या काळ्या गाळात सुमारे 15 कोटी वर्षांपूर्वी ही कवचं पुरली गेली.

आता आपल्या इथलं पाहा. यॉर्कशायरमध्ये व्हिट्बीच्या किनाऱ्यावर असलेच दगड सापडतात. तिथली दंतकथा अशी की, सातव्या शतकातल्या मठाधिपती संत हिल्डा यांनी सापांचे दगड केले. मग सापांना डोकी का नाहीत? विक्रेत्यांनी ती अडचणही सोडवली. डोकी कोरूनच विकली! शास्त्रज्ञांनीही एका ॲमोनाइटला हिल्डोसेरस नाव देऊन त्यांची आठवण ठेवली.

तो ओळखायला सोपा आहे. फासळ्या विळ्यासारख्या वाकलेल्या, वेटोळ्याच्या कडेने एक चर आणि बाहेरच्या काठावर उंच कणा. कणा नसेल आणि बारीक, दाट फासळ्या काठावरून पलीकडे जात असतील, तर बहुधा डॅक्टिलिओसेरस. बंदुकीच्या गोळीसारखा लांबट दगड मिळाला तर तो बेलेम्नाइट. तो ॲमोनाइट नव्हे, पण त्याच गोतावळ्यातला.

समुद्रावरून आणलेला दगड गोड्या पाण्यात भिजवून मीठ काढा आणि सावलीत वाळवा. कवचात बहुधा चुनखडी असते, म्हणून व्हिनेगर नको. शाळिग्रामही पितळी भांड्यांबरोबर चिंच लावून घासू नका. पंचामृत लगेच धुवा आणि कोरडं पुसा. सोनेरी चमक दिसली तर जास्तच जपा. ते सोनं नाही, पायराइट आहे. ओलसर हवेत त्याचं गंधकाम्ल होतं आणि दगड आतून फुटतो. चारमथला मिळालेला माझा सोनेरी ॲमोनाइट मी बाथरूमच्या खिडकीत ठेवला होता. भूगर्भशास्त्र शिकवणाऱ्या माणसाने! दोन हिवाळ्यांत त्याची पिवळट पूड झाली. असे नमुने सिलिका जेलच्या पुडीसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.

आणि प्रत्येकासोबत चिठ्ठी ठेवा: कुठे मिळाला, कधी, कुणाला. माझ्या देवघरातल्या शाळिग्रामाच्या चिठ्ठीवर ‘आईकडून, 1974’ एवढंच आहे. तिला तो कुणी दिला, हे मी कधी विचारलंच नाही.