बोगनवेलीचे मूळ गाव

पूर्वीच्या कुलाबा, आताच्या रायगड जिल्ह्यातून इस्राएलला आलेल्या आपल्या लोकांना दारापुढची बोगनवेल पाहून गावचे कुंपण आठवते. आम्हीही तिला कोकणचीच समजत होतो. पण ती मूळची दक्षिण अमेरिकेची!

१७६७ साली फ्रेंच दर्यावर्दी बूगँव्हील याची जहाजे ब्राझीलमधील रिओ द जानेरो बंदरात थांबली. तेथे सफरीवरील वनस्पतिशास्त्रज्ञ कॉमर्सों याला ही वेल मिळाली. पुरुषवेषात आलेली झान बारे त्याला झाडे गोळा करण्यास मदत करीत असे. पुढे १७८९ साली ज्युस्यू याच्या ग्रंथात बूगँव्हीलचे नाव वेलीला मिळाले.

आपण ज्यांना तिची रंगीत फुले म्हणतो, ती खरे तर पाने. फूल म्हणजे आतली इवलीशी पांढरट नळी. वेलीला भरपूर ऊन व बेताचे पाणी द्यावे. पाणी जास्त झाले, की पाने माजतात आणि फुले रुसतात. बहर ओसरल्यावर छाटणी करावी, कारण नव्या फुटीवरच पुन्हा बहर येतो. कोवळे रोप कडाक्याच्या थंडीपासून जपावे.

आमची नातवंडे तिला इस्राएलचीच समजतात. आम्ही रागावत नाही. तिचे मूळ गाव सांगतो आणि त्याबरोबर आपलेही.