धाकटी बॅटरी

बेळगावच्या खासबागेत वीज गेली की आधी कळतं ते कानांना. पॉवरलूमचा खडखडाट एकदम थांबतो, धोटा जिथल्या तिथं अडकतो आणि विणकर घाम पुसत दारात येऊन उभा राहतो. मजुरी बुडते, पण कापड मागावर तसंच राहतं. वीज आली की काम पुढे सुरू. शहराच्या पूर्वेला, सांबऱ्याच्या आकाशात घिरट्या घालणाऱ्या शिकाऊ विमानाला ही सवलत नाही. त्याला हवेत थांबून वाट बघता येत नाही. म्हणून आजच्या बऱ्याच लहान विमानांत मुख्य बॅटरीखेरीज आणखी एक, आकारानं लहान बॅटरी बसवलेली असते. तिचा माग काढत गेलं की एक गोष्ट ठळकपणे दिसते: विमानानं बॅटरी बरोबर घेतली ती उशिरा आणि नाइलाजानं.

१७ डिसेंबर १९०३ रोजी राइट बंधूंचं विमान उडालं, तेव्हा बॅटरी होती. पण ती जमिनीवर. चार कोरडे सेल आणि एक कॉइल यांच्या ठिणगीवर इंजिन सुरू केलं गेलं आणि ते सगळं तिथंच सोडून विमान धावलं. पुढची ठिणगी मॅग्नेटोची. मॅग्नेटो म्हणजे इंजिनाच्या फिरण्यातूनच वीज काढणारं यंत्र. इंजिन फिरतंय तोवर ठिणगी पडणार, बाहेरून कुणाचा आधार लागत नाही. बहुतेक प्रशिक्षण विमानांच्या पेट्रोल इंजिनांवर आजही दोन मॅग्नेटो असतात. सगळ्या बॅटऱ्या मेल्या तरी अशा विमानाचं इंजिन चालू राहतं. विमानविद्येतला हा मला सगळ्यात शहाणपणाचा निर्णय वाटतो.

बॅटरी तोवर जन्मली नव्हती असं नाही. गास्ताँ प्लाँते यांनी १८५९ मध्येच शिशाच्या पत्र्यांची, पुन्हा चार्ज होणारी बॅटरी केली होती. कामिय फोर यांनी १८८१ मध्ये पत्र्यांवर लेप चढवून ती कारखान्यात बनवण्याजोगी केली, आणि स्वीडनच्या वाल्डेमार युंगनर यांची निकेल-कॅडमियम १८९९ मध्ये आली. पण शिसं जड, आणि विमान कलंडलं की ॲसिड सांडणार. त्यापेक्षा वारा बरा होता. २४ सप्टेंबर १९२९ रोजी जिमी डूलिटल यांनी बाहेरचं काहीही न बघता, निव्वळ उपकरणांवर विसंबून विमान उडवून उतरवलं. पुढे लहान विमानांत दिशा आणि कल दाखवणाऱ्या अशा उपकरणांमधले भोवरे बाहेर लावलेल्या नळीतल्या वाऱ्याच्या ओढीनं किंवा इंजिनावरच्या व्हॅक्यूम पंपानं फिरू लागले. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जेआरडी टाटा कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे जुहूला उतरले, त्या पस मॉथमध्ये तर रेडिओही नव्हता.

आपल्या भागात धावपट्टी आली ती युद्धामुळे. सांबऱ्याचा तळ १९४२ मध्ये ब्रिटिश हवाई दलानं बांधला. त्याच साली बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत विमानविद्येचा विभाग सुरू झाला, आणि तो उभा करणारे विष्णू माधव घाटगे कोल्हापूर जिल्ह्यातल्या हसूरचे. जर्मनीत गॉटिंगनला लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली डॉक्टरेट मिळवून आलेल्या या माणसानं पुढे हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये १९५१ साली उडालेलं एचटी-२ आणि १९५८ साली उडालेलं पुष्पक यांची रचना केली. पुष्पक हे फ्लाइंग क्लबांचं विमान: दोन आसनं, कापडाचं आवरण, नव्वद अश्वशक्तीचं इंजिन. त्याचा पंखा समोर उभं राहून हातानं फिरवायचा, इंजिनानं पकड घेतली की झटकन बाजूला व्हायचं. आपल्याकडच्या वैमानिकांची एक अख्खी पिढी अशा विमानांवर शिकली.

मग हळूहळू स्टार्टर आला, रेडिओ आला, उतरायचे दिवे आले, आणि बॅटरी कायमची मुक्कामाला आली. आधी बारा व्होल्ट, मग चोवीस. १९५७ मध्ये जर्मनीत ओटो याखे यांनी ॲसिडचं जेल करून बंद डब्याची बॅटरी शक्य केली. तिचीच भावंडं, काचतंतूंच्या गादीत ॲसिड मुरवलेल्या बॅटऱ्या, आज विमानांत सर्रास दिसतात. तरीही या काळात विमानाचे तीन आधार वेगवेगळे होते. ठिणगी मॅग्नेटोची, भोवरे व्हॅक्यूमचे आणि रेडिओ-दिवे विजेचे. एक गेला तर दोन उरत.

हा तोल बदलला २००४ च्या सुमारास. गार्मिनचे जी१००० हे पडदे लहान विमानांत बसू लागले आणि काचेमागचे सहा गोल काटे जाऊन दोन मोठे पडदे आले. वेग, उंची, कल, नकाशा, इंजिनाचं तापमान, सगळं त्यावरच. राखीव म्हणून दोन-तीन जुने काटे उरले, पण वैमानिकाची नजर विजेच्या ताब्यात गेली. धाकट्या बॅटरीचा खरा जन्म हा. २०२१ मध्ये विमानतळ प्राधिकरणानं बेळगाव, कलबुर्गी, जळगाव, खजुराहो आणि लीलाबारी इथं उड्डाण प्रशिक्षण संस्थांना जागा दिल्या, तेव्हा शिकायला येणाऱ्या मुलांना असे पडदे नवलाचे राहिले नव्हते.

पडद्यांच्या सेस्ना १७२ मध्ये या बॅटरीसाठी डाव्या हाताला वेगळा स्विच असतो. त्याच्या तीन जागा: टेस्ट, ऑफ, आर्म. सुरुवातीला टेस्टवर दाबून धरायचा आणि हिरवा दिवा दहा सेकंद न विझता जळतो का ते बघायचं. मग आर्म. मुख्य बॅटरी अजून बंद असतानाच वैमानिकापुढचा पडदा उजळतो. इंजिन सुरू झालं की अल्टरनेटरची अठ्ठावीस व्होल्टची वीज दोन्ही बॅटऱ्या भरू लागते. हवेत अल्टरनेटर गेला आणि मुख्य बॅटरीही संपली, तर धाकटी आपणहून आवश्यक तेवढ्या उपकरणांचा भार उचलते. साधारण अर्धा तास. उतरल्यावर तो स्विच ऑफ करायचा राहिला, तर उभ्या विमानात ती मुकाट्यानं रिकामी होत जाते.

रिकामी बॅटरी किती महागात पडते ते ४ मार्च २००७ रोजी जर्मनीतल्या स्पायरला दिसलं. दोन डिझेल इंजिनांच्या डायमंड डीए४२ ची मुख्य बॅटरी उतरली होती. पुस्तिकेप्रमाणे बाहेरच्या विजेवर एकच इंजिन सुरू करून दुसरं विमानाच्या स्वतःच्या विजेवर सुरू करायचं असतं. तिथं दोन्ही बाहेरच्या विजेवर सुरू केली गेली. उड्डाणानंतर चाकं आत घेताना मोटरनं वीज ओढली, व्होल्टेज क्षणभर कोसळलं, इंजिनं चालवणारे संगणक नव्यानं सुरू झाले आणि दोन्ही इंजिनं बंद पडली. या इंजिनांना मॅग्नेटो नव्हता. त्यानंतर त्या विमानांत इंजिनाच्या संगणकांसाठी स्वतंत्र बॅटऱ्या आल्या. डीए४२ आपल्या प्रशिक्षण संस्थांतही वापरतात, म्हणून हा अपघात इथल्या मुलांनाही नीट शिकवावा असं मला मनापासून वाटतं.

लिथियमची कथा अजून चालूच आहे. सोनीनं १९९१ मध्ये लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली. जानेवारी २०१३ मध्ये बोईंग ७८७ च्या बॅटऱ्यांनी पेट घेतल्यावर जगभरची ती विमानं जमिनीवर उभी राहिली, त्यात एअर इंडियाचीही होती. आता लहान विमानांत लिथियम आली आहे ती सेलांवर लक्ष ठेवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक्ससकट. तिला शिशाच्या बॅटरीचा चार्जर लावायचा नाही, हे मात्र मेकॅनिकनंच लक्षात ठेवायचं.

चार्जिंगच्या खोलीतले नियम पडद्यांहून कितीतरी जुने. शिशाच्या आणि निकेल-कॅडमियमच्या बॅटऱ्या एका खोलीत नाहीत, एकीचं ॲसिड दुसरीच्या अल्कलीला मारतं, पाने-पकडीसुद्धा वेगळ्या. उन्हाळ्यात चार्जिंगचं व्होल्टेज थोडं खाली. बसवताना आधी धन टोक, शेवटी ऋण. काढताना आधी ऋण. विमानाचा सांगाडाच ऋणाला जोडलेला असतो, त्यामुळे क्रम चुकला आणि पाना सांगाड्याला टेकला की प्रचंड ठिणगी उडते.

आणि हिरव्या दिव्यावर कुणी थांबत नाही. दहा सेकंद दिवा जळत ठेवणारी बॅटरी अर्धा तास पुरेलच असं नसतं, व्होल्टमीटरवर चांगली दिसणारीही आतून सल्फेट धरून निम्मी झालेली असू शकते. म्हणून ठरलेल्या मुदतीला ती विमानातून काढतात, पूर्ण चार्ज करतात, थोडी थंडावू देतात, आणि एका तासात संपेल इतका करंट सतत ओढत घड्याळ लावतात. चोवीसची बॅटरी वीस व्होल्टवर यायला किती मिनिटं लागली ते मोजायचं. साठ मिनिटं म्हणजे शंभर टक्के. उत्पादकाच्या पुस्तिकेप्रमाणे ४८ किंवा ५१ मिनिटांच्या आत ती वीसवर आली तर पुन्हा नीट चार्ज करून एकदा संधी द्यायची. तरीही नापास झाली तर तिच्यावर लाल चिठ्ठी लागते आणि ती विमानात परत जात नाही.