विद्युत्-गिटार : किंमत आणि मोल

कोंकणांतील जुन्या घरांत शिसवी पलंगाचें किंवा माजघरांतल्या शिसवी झोपाळ्याचें मोल कोणास समजावून सांगावें लागत नाहीं. सह्याद्रीच्या पायथ्याशीं वसलेल्या देवरूखांतहि तें कोणी कोणास शिकविलेलें नाहीं. लांकूड काळसर, जड आणि टिकाऊ. पिढ्या जातात, पण तें राहतें. हेंच शिसवी लांकूड परदेशांत विजेच्या गिटारीच्या दांडीवर पट्टी म्हणून बसतें आणि त्या पट्टीवर बोटें फिरवून ‘हेवी मेटल’ नांवाचें प्रचंड घोषाचें संगीत निर्माण होतें, हें मात्र थोड्यांनाच ठाऊक असेल.

घरांतील मुलगा किंवा मुलगी अशी गिटार मागूं लागली म्हणजे वडील माणसें गोंधळतात. तंबोरा घ्यावयाचा असता तर वाट ठरलेली आहे. आंबा घाट चढून कोल्हापुरावरून मिरजेस जावें, भोपळा पाहावा, जवारी ऐकावी आणि कारागिराच्या घराण्यावर भरंवसा ठेवावा. मिरजेचे हे कारागीर मूळचे शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार व झिलई देणारे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास त्यांच्यांतील फरीदसाहेबांनीं तंतुवाद्यें घडविण्यास आरंभ केला आणि २०२४ सालीं मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकन मिळालें. तेथें घराण्याची पत चालते. विद्युत्-गिटार कारखान्यांत होते. तिची पत कोठें पाहावयाची? या प्रश्नाचें उत्तर तिच्या इतिहासांत सांपडतें.

१९३० नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत अमेरिकेंत रिकनबॅकरच्या कारखान्यांतून विजेची गिटार बाजारांत आली. तिची रचना साधी आहे. पोलादी तारेखालीं लोहचुंबक आणि त्याभोंवतीं बारीक तांब्याच्या तारेचें वेटोळें. तार कंपली कीं वेटोळ्यांत विजेचा अल्प प्रवाह उत्पन्न होतो आणि ध्वनिवर्धक त्याचा मोठा नाद करतो. वाद्यवृंदाच्या गलबल्यांत गिटार ऐकूं यावी, एवढाच मूळ हेतु.

१९५८ सालीं गिब्सन कंपनीनें बाणाच्या फाळासारख्या आकाराची ‘फ्लाइंग व्ही’ नांवाची गिटार काढली. किंमत होती २४७ डॉलर ५० सेंट. गिऱ्हाइकांना तो आकार चमत्कारिक वाटला. पहिल्या दोन वर्षांत शंभरहि नग गेले नाहींत आणि काम थांबलें. त्याच कंपनीची ‘लेस पॉल’ ही दुसरी गिटारहि खप घटल्यामुळें १९६० नंतर मूळ रूपांत बनेनाशी झाली. बाजाराचा निवाडा तेव्हां स्पष्ट होता. परंतु तो टिकला नाहीं. १९६६ च्या सुमारास एरिक क्लॅप्टनसारख्या वादकांनीं लेस पॉलमधून असा भरदार स्वर काढला कीं १९६८ सालीं कंपनीस ती पुन्हां काढावी लागली. पुढें जर्मनीचा मायकेल शेंकर आणि इंग्लंडचा के. के. डाउनिंग यांच्या हातीं ‘फ्लाइंग व्ही’ शोभूं लागली, आणि जी गिटार दुकानांत धूळ खात पडली होती, तिच्या १९५८ च्या मूळ नगास आज लक्षावधि डॉलर मोजावे लागतात. लांकूड तेंच आणि तारांची मांडणीहि तीच. पालटला तो केवळ वाजविणारा हात.

हेवी मेटलचा आरंभहि अशाच एका हातापासून झाला. बर्मिंगहॅम हें इंग्लंडांतील लोखंडकामाचें शहर. तेथें पत्र्याच्या कारखान्यांत काम करणाऱ्या टोनी आयोमी या सतरा वर्षांच्या तरुणाच्या उजव्या हाताच्या दोन बोटांचीं अग्रें यंत्रांत तुटलीं. तो डावखुरा असल्यामुळें तारा दाबण्याचा हातच अधू झाला. त्यानें प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांस टोप्या केल्या, त्यांवर चामडें चढविलें आणि बारीक तारा वापरल्या. पुढें त्यानें तारा नेहमींपेक्षां उतरवून लावल्या. त्यामुळें स्वर खोल व जड झाला. १३ फेब्रुवारी १९७० रोजीं त्याच्या ‘ब्लॅक सॅबथ’ या वृंदाची पहिली तबकडी निघाली, आणि या संगीताचा उगम तेथेंच मानला जातो.

दुसरें उदाहरण एडी व्हॅन हेलन याचें. बाजारांतील कोणतीहि गिटार मनाजोगती मिळेना, तेव्हां त्यानें पन्नास डॉलरांचें सदोष धड आणि ऐंशी डॉलरांची दांडी विकत आणून दोन्ही जोडलीं, त्यांत दुसऱ्या गिटारीचें चुंबक बसविलें आणि वर सायकलचा रंग फांसला. १९७८ च्या पहिल्या तबकडीवर तिचा स्वर जगानें ऐकला. २०१९ सालीं हीच गिटार न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन कलासंग्रहालयांत मांडली गेली. तिचें पाहून कारखान्यांनीं नवी जात काढली. त्या जातीची दांडी सडपातळ, चुंबक जोरदार आणि तारा दोन्ही टोकांस कुलूपबंद असत, म्हणजे कितीहि ताणल्या तरी स्वर उतरूं नये. हें कुलूप फ्लॉइड रोझ यानें शोधलें. जपानची आयबानेझ आणि अमेरिकेची जॅक्सन या कंपन्या अशा गिटारींसाठीं नांवाजल्या.

मुंबईंत या संगीताचा मुक्काम धोबी तलावावर होता. तेथें १८६५ पासून चालत आलेली फुर्टाडो यांची वाद्यांची पेढी आणि जवळच रंगभवन. १९८६ पासून ‘इंडिपेंडन्स रॉक’ हा मेळावा त्या भागांत गाजूं लागला. त्या काळीं आयातीचे परवाने दुर्मिळ आणि जकात जबर; परदेशाहून परतणाऱ्या नातलगानें गिटार आणली तर आणली, नाहींतर कलकत्त्याच्या स्वदेशी गिटारीवर हात बसवावा लागे. १९९१ नंतर दारें हळूहळू उघडलीं. वस्तु मिळूं लागली, आणि पारखण्याची गरज वाढली.

पारख प्रथम दांडीची करावी. गिटार बंदुकीसारखी डोळ्यासमोर धरून दांडी पाहावी. आंत पोलादी सळई असते. ती फिरवून बांक काढतां येतो, पीळ मात्र सहसा निघत नाहीं. कोंकणांत पावसाळ्यांत लांकूड फुगतें व उन्हाळ्यांत आकसतें, म्हणून येथें ही परीक्षा अधिकच अगत्याची. मग पडदे. सतारीचे पडदे सरकवितां येतात; गिटारीचे ठोकून बसविलेले असतात. ते झिजले असतील तर बदलण्याचा खर्च किमतींतून वजा करावा. तिसरी कुलपाची घोडी. तिची धार बोथट झाली असेल तर ताणलेली तार मूळ स्वरावर परतत नाहीं. शेवटीं क्रमांक, रंग, खुंट्या व चुंबक मूळचे आहेत कीं बदललेले, हें पाहावें. रंग नव्यानें दिलेल्या जुन्या गिटारीची किंमत निम्म्यावर येते असा व्यापाऱ्यांचा ठोकताळा आहे. संग्राहकाचा हा तोटा वादकाच्या पथ्यावर पडतो, कारण दांडी उत्तम असेल तर नव्या रंगानें स्वर बिघडत नाहीं.

विक्रेत्यांच्या कथांवर मात्र विसंबूं नये. १९७७ सालीं गिब्सनच्या मालकांनीं आयबानेझच्या अमेरिकेंतील शाखेवर दावा लावला. तो गिटारीच्या डोक्याच्या आकारापुरता होता आणि आपसांत मिटला. आज त्या काळची कोणतीहि जपानी नक्कल ‘दाव्यांतील गिटार’ म्हणून चढ्या भावानें विकण्याचा प्रयत्न होतो. उलट, खरी कथा मोल कशी चढविते याचेंहि उदाहरण आहे. पीटर ग्रीनच्या १९५९ च्या लेस पॉलमध्यें एक चुंबक उलटा बसला होता. त्या दोषामुळें तिला निराळाच पोकळ स्वर आला. ती पुढें गॅरी मूरकडे, आणि अखेर मेटॅलिकाच्या कर्क हॅमेटकडे गेली. दोषच तिची ओळख ठरला.

जुनी गिटार परदेशांतून आणणाऱ्यानें लांकडाचीहि चौकशी करावी. ब्राझीलचें शिसव १९९२ पासून आंतरराष्ट्रीय करारान्वयें कडक निर्बंधाखालीं आहे, आणि १९५८-५९ च्या गिटारींवर बहुधा तेंच असे. २०१७ च्या जानेवारींत हिंदी शिसवासह त्या जातीचीं उरलेलीं झाडेंहि परवान्याच्या कक्षेंत आलीं. नोव्हेंबर २०१९ मध्यें तयार वाद्यांस त्यांतून सूट मिळाली. ब्राझीलच्या शिसवास ती सूट नाहीं.

गुंतवणूक म्हणून गिटार घेणाऱ्यानें १९५८ सालची गोष्ट आठवावी. कोणत्या गिटारीस पुढें मोल येईल, हें त्या वेळीं खुद्द ती करणाऱ्या कारखान्यासहि कळलें नाहीं. मुलासाठीं घेणाऱ्यानें मिरजेची रीत पाळावी. एखादा जाणता वादक बरोबर न्यावा, त्याच्याकडून वाजवून घ्यावी, मग मुलाच्या हातीं द्यावी आणि त्याचीं बोटें पट्टीवर सहज पडतात कीं नाहीं तें पाहावें. बोटें सहज पडत असतील, तर दिलेली रक्कम वाया गेली असें म्हणावयाचें कारण नाहीं.