पाठीतले पाणी

"पाठीतले पाणी काढावे लागेल," असे डॉक्टर म्हणाले की आपल्याकडे आजही घरातली वडीलधारी मंडळी हबकतात. ते पाणी काढले की माणूस कायमचा अधू होतो, ही समजूत गोव्यात आहे तशी घाटावर आहे आणि पार विदर्भातही आहे. डॉक्टरांना तिचा राग येतो. मला मात्र ती समजूत निव्वळ अडाणीपणाची वाटत नाही. एका पिढीने आपली मुले पाठीत सुया टोचून घेताना पाहिली. एकदा-दोनदा नव्हे, दररोज, कित्येक आठवडे. त्यातली काही मुले वाचली, पण बहिरी होऊन घरी परतली. त्या सुयांमागचा इतिहास आपल्या मुंबईशी बराच जोडलेला आहे.

आधी हे पाणी म्हणजे काय ते पाहू. मेंदू आणि मज्जारज्जू एका स्वच्छ, रंगहीन द्रवात तरंगत असतात. मोठ्या माणसात हा द्रव कसाबसा दीडशे मिलिलिटर, म्हणजे चहाच्या एका कपाएवढा. तान्ह्या मुलात त्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढा. पण तो साठून राहणारा नव्हे, झऱ्यासारखा वाहता. दिवसाकाठी सुमारे अर्धा लिटर नवा तयार होतो आणि जुना रक्तात शोषला जातो. त्यामुळे त्यात सोडलेले औषधही वाहून जाते. कमरेच्या मणक्यांमधून सुई घालून तो काढण्याची रीत जर्मनीत कील येथे हाइनरिख क्विंके यांनी १८९१ साली सुरू केली. डोक्यात पाणी साचलेल्या मुलांना थोडा उतार पडावा, एवढाच त्यांचा हेतू होता.

दुसरी गोष्ट कळायला आणखी काही वर्षे गेली. पाउल एर्लिख यांनी १८८५ साली जनावरांच्या रक्तात रंग टोचले तेव्हा सारे अवयव रंगले, मेंदू तेवढा कोरा राहिला. एर्लिखना वाटले, मेंदूला रंगाची ओढच नसावी. त्यांचे शिष्य एडविन गोल्डमान यांनी १९१३ साली उलटा प्रयोग केला. निळा रंग रक्तात न टोचता मेंदूभोवतीच्या पाण्यात टोचला, तर मेंदू निळा झाला आणि बाकीचे शरीर कोरे राहिले. म्हणजे ओढीचा प्रश्नच नव्हता. मध्ये एक आडकाठी होती. मेंदूतल्या केशवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट चिकटलेल्या असतात की त्यांच्या फटींतून काही पाझरतच नाही. हे प्रत्यक्ष इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसायला १९६७ साल उजाडले.

आडकाठी सोयीची आहे, विषापासून मेंदूला जपते. पण औषधालाही ती तितक्याच निष्ठेने अडवते. रेणू लहान असेल, चरबीत विरघळणारा असेल, रक्तातल्या प्रथिनांना फारसा चिकटत नसेल, तर तो आत जातो. नाहीतर दारातच अडतो. काही औषधे आत शिरतात, पण पेशी त्यांना पंप लावल्यासारख्या बाहेर ढकलतात. पेनिसिलिनचे असेच होते. निरोगी अवस्थेत रक्तातल्या पेनिसिलिनचा जेमतेम शंभरावा भाग पाठीतल्या पाण्यात उतरतो. आवरणांना सूज आली की आडकाठी सैल होते आणि प्रमाण वाढते. विचित्र गोष्ट अशी की रोगी बरा होत आला, सूज ओसरली, की औषध पुन्हा कमी पोहोचू लागते. १९४२ साली लंडनमध्ये खुद्द फ्लेमिंगनी मेंदूज्वराच्या एका रुग्णाला स्नायूत टोचलेले पेनिसिलिन पुरत नाही असे पाहून शेवटी ते पाठीतल्या पाण्यातच सोडले, आणि तो वाचला.

आता मुंबईकडे येऊ. वेल्लोर आणि मद्रासला १९४९-५० साली मेंदूच्या शस्त्रक्रियेचे विभाग उभे राहिले, पाठोपाठ मुंबईतही काम सुरू झाले. मूल सकाळी उठल्या उठल्या ओकते, डोके धरून बसते, चालताना झोक जातो, मग दिसेनासे होते. अशा मुलाला परळच्या के. ई. एम. इस्पितळात आणले की निदान व्हायचे, मेंदूत गाठ. स्कॅन नव्हतेच. मेंदूच्या पोकळीत हवा भरून क्ष-किरण काढायचे आणि सावल्यांवरून अंदाज बांधायचा. कवटी उघडल्यावर मात्र पुष्कळदा निघायची ती कर्करोगाची गाठ नव्हे, तर क्षयाची. लहान मुलांत ही गाठ बहुधा डोक्याच्या मागच्या बाजूला, लहान मेंदूत असे. त्या काळी भारतातल्या इस्पितळांत मेंदूतल्या गाठींपैकी पाचातली एक तरी क्षयाची असायची. के. ई. एम.चे होमी दस्तूर आणि त्यांचे सहकारी ए. डी. देसाई यांनी १९६५ साली 'ब्रेन' या ब्रिटिश नियतकालिकात क्षयाच्या १०७ गाठी आणि ग्लायोमाच्या १०७ गाठी समोरासमोर ठेवून तुलना केली. युरोपातल्या डॉक्टरला असा निबंध लिहिताच आला नसता, त्याच्याकडे इतक्या क्षयाच्या गाठी कुठून येणार?

ही गाठ काढणे शल्यविशारदाला अवघड नव्हते. अवघड होते ते त्यानंतरचे. गाठ हलवली की जंतू पाण्यात सांडत आणि काही आठवड्यांत क्षयाचा मेंदूज्वर होऊन मूल जाई. स्ट्रेप्टोमायसिन येण्याआधी या मेंदूज्वरातून कोणी वाचत नसे, असेच म्हटले पाहिजे. हे औषध १९४३ साली अमेरिकेत शाट्झ आणि वॅक्समन यांनी शोधले. पण तेही आडकाठीपाशी अडायचे, म्हणून रोज स्नायूत आणि रोज पाठीतही. मॉस्कोत लीना श्टेर्न यांनी अशीच मुले वाचवली. ही आडकाठी म्हणजे नेमके काय, यावर त्यांनी हयात घालवली होती, त्यामुळे औषध थेट मानेच्या मागून पाण्यात सोडायची कल्पना त्यांना सुचणे स्वाभाविक होते. औषध त्यांचा अमेरिकेतला भाऊ पाठवी. १९४९ च्या जानेवारीत स्टालिनच्या पोलिसांनी त्यांना अटक केली. १९५२ साली त्यांच्या खटल्यातल्या तेरा जणांना गोळ्या घातल्या गेल्या, सत्तरी उलटलेल्या या बाईंना तेवढे हद्दपारीवर सोडले.

स्ट्रेप्टोमायसिनची किंमत मुलांनी कानांनी मोजली. हे औषध आतल्या कानाच्या मज्जातंतूंना इजा करते. जीव वाचला पण ऐकू येईना, असे ज्या घरात घडले तिथे "पाठीतले पाणी" हा शब्दच नकोसा झाला तर नवल नाही.

१९५२ साली आयसोनियाझिड आले. काटेकोरपणे पाहिले तर हे प्रतिजैविक नव्हेच. बुरशीतून किंवा जंतूतून निघालेले नाही, प्रागच्या प्रयोगशाळेत १९१२ सालीच कोणीतरी बनवून ठेवले होते, त्याचा उपयोग कळायला चाळीस वर्षे लागली! पण त्याचा रेणू एवढा इवलासा की आडकाठी त्याला जवळजवळ जाणवतच नाही. रक्तात जेवढे, साधारण तेवढेच पाठीतल्या पाण्यात. पुढे पायरॅझिनामाइडचेही तसेच निघाले. रिफॅम्पिसिन त्या मानाने कमी उतरते, तरी कामापुरते उतरते. गोळी तोंडाने घेतली की ती आपली आपण मेंदूपर्यंत जाते, म्हणजे रोजची सुई सुटली.

या फरकाचा अर्थ मुंबईत बसून नीट कळत नाही. त्यासाठी मलाजखंडसारख्या ठिकाणाहून पाहावे लागते. सातपुड्याच्या मैकल रांगेत, कान्हाच्या जंगलाजवळ, बालाघाट जिल्ह्याच्या बैहर भागात हे गाव आहे. आज ते हिंदुस्थान कॉपरच्या तांब्याच्या खाणीमुळे ओळखले जाते. १९५६ पर्यंत हा मुलूख नागपूर राजधानी असलेल्या प्रांतात होता, त्यामुळे मोठ्या आजाराची वाट अजूनही बालाघाट, गोंदिया करत नागपूरलाच जाते. पूर्वी गोंदियापर्यंतची ती वाट अरुंद रुळांच्या सातपुडा रेल्वेची होती. मेंदूची शस्त्रक्रिया म्हटली की पुढे आणखी मुंबई. रोज पाठीत सुई घ्यायची तर आई-बापाने शेत आणि बाकीची मुले सोडून महिनोन्महिने परक्या शहरात राहायचे. अशा घरातून मूल अर्धवट उपचारांवर परत नेले जाणे हीच रीत. आपणा गोवेकरांना हे वेगळे सांगायला नको. एस्कोला मेडिका १८४२ पासून पणजीत होती, पण मेंदूच्या गाठीसाठी बोटीने मुंबई गाठण्याखेरीज इलाज नव्हता, आणि १९५५ नंतरच्या नाकेबंदीत ती वाटही बंद झाली. गोळ्या मात्र गाठोड्यात बांधून घरी नेता येतात. मद्रासच्या केंद्रात १९५६ पासून झालेल्या प्रसिद्ध अभ्यासाने फुप्फुसाच्या क्षयापुरते हे सिद्धच केले, की घरी राहून गोळ्या घेणारे सॅनेटोरियममधल्यांइतकेच बरे होतात. पुण्याजवळ पिंपरीचा कारखाना १९५४ साली उभा राहिला तो पेनिसिलिनसाठी, १९६२ पासून तिथे स्ट्रेप्टोमायसिनही होऊ लागले. देशाला ते हवेच होते, पण या मुलांच्या बाबतीत खरा पालट त्या साध्या गोळीने केला.

स्कॅन आल्यावर तर गाठ गोळ्यांनी विरघळताना डोळ्यांनी दिसू लागली. १९८० च्या दशकात दिल्लीच्या एम्समध्ये टंडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते दाखवून दिले आणि कवटी उघडण्याची पाळी कमी मुलांवर येऊ लागली. तरी सगळेच सुरळीत नव्हते. मुंबईच्या जे. जे. इस्पितळातले बालरोगतज्ज्ञ पी. एम. उदानी आणि विकृतिशास्त्रज्ञ दराब दस्तूर (हे दस्तूर वेगळे) यांनी अशीही मुले दाखवली, की ज्यांचे पाठीतले पाणी जवळजवळ स्वच्छ, पण मेंदू आतून सुजलेला. पाणी म्हणजे मेंदू नव्हे. आजही औषध मेंदूत किती गेले हे पाण्यावरूनच अंदाजतात, कारण मेंदूचा तुकडा रोज कोण काढणार?

आणि ज्यांची गाठ खरोखर कर्करोगाची, त्यांचे काय? त्या गाठीने पाण्याची वाट अडते, मग नळी बसवावी लागते, आणि नळीवाटे इस्पितळातले चिवट जंतू आत शिरतात. त्यांच्यावर चालणारे व्हॅन्कोमायसिन हा मोठा, जड रेणू. शिरेतून दिले तर पाण्यात फारच थोडे पोहोचते. गाठीच्या आतल्या वाहिन्या गळक्या असतात खऱ्या, म्हणून स्कॅनमध्ये ती चमकते, पण त्यामुळे बाकीच्या पाण्यात औषध पुरेसे जात नाही. शेवटी पुन्हा क्विंके आणि श्टेर्न यांचाच रस्ता, औषध थेट पाण्यात.

फक्त सुईची जागा बरेचदा एका छोट्या रबरी घुमटीने घेतली आहे. टाळूच्या कातडीखाली ती बसवतात, तिची नळी मेंदूच्या पोकळीत जाते आणि वरून बारीक सुईने औषध देता येते. १९६३ साली ती बनवली अयूब ओम्माया यांनी, अखंड भारतातल्या पंजाबात जन्मलेले आणि पुढे अमेरिकेत गेलेले शल्यविशारद. बुरशीच्या मेंदूज्वरासाठीचे औषध रोज पाठीत टोचायला लागू नये, म्हणून. आज तीच घुमटी कर्करोगाच्या मुलांना रसायने देण्यासाठीही वापरतात.