साबणाचं कूळ खाराचं

घरी साबण करणाऱ्यांना त्यात काय घातलंय असं विचारा. ओटचं पीठ, मध, कडुलिंब, बकरीचं दूध अशी नावं उत्साहाने येतात. कॉस्टिक सोड्याचं, म्हणजे खाराचं, नाव शेवटी येतं, कधी येतही नाही. मला हा त्याच्यावर अन्याय वाटतो. तेल आणि चरबी माणसाच्या घरात कायमच होती. साबण कुठे झाला, केवढा झाला आणि कोणाला परवडला, हे ठरवलं ते खाराने.

सुरुवात राखेपासून झाली. गॉल प्रांतातले लोक बकरीची चरबी आणि बीच झाडाची राख यांपासून साबण करतात, असं रोमन लेखक प्लिनीने पहिल्या शतकात नोंदवलं आहे. त्याचा उपयोग केस तांबडे करण्यासाठी होता. लाकडाच्या राखेत असतो पोटॅशचा खार आणि त्याचा साबण मऊ, बुळबुळीत होतो. त्याची वडी पडत नाही. अमेरिकेत वसाहती करणाऱ्या कुटुंबांचा साबण याच जातीचा. वर्षभराची राख पिंपात भरायची, वरून पाणी ओतायचं, खालून झिरपणारं तपकिरी खारपाणी धरायचं. त्यात अंडं नीट तरंगलं की ते पुरेसं कडक झालं असं बायका समजत. मग स्वयंपाकघरात साठवलेली चरबी घालून अंगणात तासन्तास उकळणं. या राखेला तिथे केवढं मोल होतं पाहा: अमेरिकी सरकारने ३१ जुलै १७९० रोजी दिलेलं पहिलंवहिलं पेटंट राखेपासून पोटॅश काढायच्या सुधारित रीतीचं होतं आणि त्यावर जॉर्ज वॉशिंग्टन यांची सही होती.

टणक वडीसाठी लागतो सोड्याचा खार. तो समुद्राकाठच्या खाऱ्या वनस्पतींच्या राखेत मिळे. म्हणून स्पेनमधलं कॅस्टाईल आणि फ्रान्समधलं मार्सेय इथले ऑलिव्ह तेलाचे साबण नावाजले. मार्सेयच्या साबणात ऑलिव्हखेरीज दुसरी चरबी नको, असा हुकूम १६८८ मध्ये चौदाव्या लुईच्या राजवटीत निघाला.

आपल्याकडे ही दोन्ही घराणी जुनीच. आयुर्वेदातला जवखार म्हणजे पोटॅशचा आणि सज्जीखार म्हणजे सोड्याचा. राख उकळून, त्यात भाजलेली चुनखडी घालून खार तीव्र करायची रीत सुश्रुतसंहितेत आहे. पण तो खार गेला शस्त्रक्रियेकडे. अंग आणि केस धुण्याचं काम रिठा, शिकेकाई आणि डाळीच्या पिठाने निभावलं. साबणाशी आपलं नातं जोडतं ते बुलढाण्याचं लोणार. अकबराच्या दरबारातल्या अबुल फज़लने ऐन-ए-अकबरीत वऱ्हाडच्या वर्णनात लिहिलं आहे की काच आणि साबण करायला लागणारं सगळं लोणारला मिळतं. सरोवराचं पाणी सोड्याच्या खाराने भरलेलं आहे, त्यामुळे ही नोंद मला पूर्ण पटते.

मग हा खार कारखान्यात आला. फ्रेंच रसायनतज्ज्ञ निकोला लब्लांने साध्या मिठापासून सोडा काढला आणि १७९१ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत त्याचा कारखाना जप्त झाला, या शोधासाठी ठरलेलं बक्षीस मिळालंच नाही आणि १८०६ मध्ये त्याने आत्महत्या केली. एकोणिसाव्या शतकात जगभर साबण स्वस्त झाला तो याच माणसाच्या युक्तीवर. तेल आणि खार एकत्र आल्यावर नेमकं काय होतं, हे फ्रेंच रसायनतज्ज्ञ शेव्रलने १८२३ च्या ग्रंथात उलगडलं: तेल फुटून त्यातली आम्लं खाराशी जुळतात, तो साबण, मागे उरतं ग्लिसरीन. बरेच कारखाने ग्लिसरीन वेगळं काढून विकतात. घरच्या वडीत ते राहतं, आणि घरी साबण करायचं हे माझ्या मते सगळ्यात चांगलं कारण आहे.

ओट या कुळात फार उशिरा शिरला. अंघोळीच्या पाण्यात ओटची पुरचुंडी सोडायची चाल युरोपात जुनी, पण पाण्यात मिसळून राहील इतकं बारीक पीठ करून ते अमेरिकेत १९४५ मध्ये ‘अविनो’ नावाने बाजारात आलं. २००३ मध्ये तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने त्याला त्वचारक्षक म्हणून मान्यता दिली. ओटमधला बीटा-ग्लुकन पाणी धरून ठेवतो आणि अव्हेनन्थ्रामाईड नावाची द्रव्यं खाज शमवतात. मात्र हे गुण अंगावर थांबणाऱ्या लेपाचे आणि न्हाणाचे. साबण क्षणात धुऊन जातो, म्हणून ओटच्या वडीने इसब बरा होईल असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. फेस मऊ होतो आणि अंग हलकं घासलं जातं, एवढं खरं. त्यासाठी पीठ मिक्सरमधून अगदी बारीक काढावं, अर्धा किलो तेलाला एक मोठा चमचा पुरतो. ओटचे अख्खे पोहे घातले तर ते टोचतात.

बाकीच्या भरीलाही खारच वळण लावतो. मध आणि दुधातली साखर त्याच्या उष्णतेने करपून तपकिरी होते. हळद घातली की मिश्रण तांबूस होतं. हळदीत खार घालून कुंकू करणाऱ्यांना याचं नवल वाटणार नाही.

तेव्हा घरी साबण करायचा असेल तर आधी या खाराचा मान राखा. १०० ग्रॅम खोबरेल तेलाला सुमारे १८ ग्रॅम कॉस्टिक सोडा लागतो, ऑलिव्हला साडेतेराच्या आसपास. म्हणून काट्यावर तोला, चमच्याने मोजू नका. सोडा पाण्यात घाला, पाणी सोड्यावर कधीही ओतू नका. अॅल्युमिनियमचं भांडं वर्ज्य. हातमोजे आणि चष्मा घाला, मुलांना लांब ठेवा. वड्या चार ते सहा आठवडे वाळू द्या आणि मगच अंगाला लावा.