पद्मिनीचे टायमिंग

मोटारीचा इतिहास लिहिताना आपण कारखाने मोजतो, परवाने मोजतो. हातांतले ज्ञान नोंदीबाहेरच राहते, अशी आमची खंत आहे.

मुंबई-अहमदाबाद महामार्ग डहाणू तालुक्यातील चारोटीवरून तलासरीमार्गे गुजरातेत शिरतो. कुर्ल्यात तयार होणारी फियाट १९७४ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’ या नावाने अशा रस्त्यांवर धावू लागली. तिचा डिस्ट्रिब्यूटर गॅरेजच्या बोलीत ‘डेल्को’. मुळात हे चार्ल्स केटरिंग व एडवर्ड डीड्स यांच्या १९०९ मधील अमेरिकी कंपनीचे आद्याक्षरी नाव. विशेषनामाचे सामान्यनाम झाले.

डेल्को बसवताना पुलीवरची खूण जुळवावी लागते. पण पिस्टन दोनदा वर येतो, एकदा दाबाच्या आणि एकदा धूर बाहेर टाकण्याच्या फेऱ्यात. खूण दोन्ही वेळा जुळते. म्हणून पहिल्या प्लगच्या भोकावर अंगठा ठेवून इंजिन हाताने फिरवायचे. हवेने अंगठा रेटला, की तोच दाबाचा फेरा. मग रोटर पहिल्या तारेकडे करून, पॉइंट नुकता उघडू लागेल तेथे डिस्ट्रिब्यूटर आवळायचा. फेरा चुकला तर गाडी सुरू होत नाही, कार्बोरेटरमधून फटाका मात्र वाजतो.

चिन्ह एक, अर्थ दोन, निवाडा संदर्भाचा. साहित्याच्या वर्गात आपण याहून वेगळे काय शिकवतो?

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या टॅक्सींतून पद्मिनी निवृत्त झाली. नव्या इंजिनांना अंगठा लागत नाही. ज्यांचे अंगठे हे वाचू शकतात, त्यांच्याकडून ते मराठीत उतरवून घेण्यास आता फार अवधी उरलेला नाही.