हवेचे कर्ज : टर्बो इंजिन आणि घरगुती ‘ट्यूनिंग’चा इतिहास

१/ वाशिम जिल्ह्यातील कारंजा (लाड) या गावाने वेगाची दोन युगे पाहिली आहेत. मूर्तिजापूर–यवतमाळ नॅरोगेज मार्गावरची ‘शकुंतला’ १९९४पर्यंत वाफेच्या इंजिनावर येथून जात असे. आज त्याच परिसरातून समृद्धी महामार्ग जातो आणि त्यावर मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे. या मार्गावर धावणाऱ्या बहुतेक आधुनिक डिझेल मोटारींत टर्बोचार्जर असतो. त्याची ताकद गॅरेजात वाढवून घेण्याच्या हौसेमागे शतकभराचा इतिहास आहे. #थ्रेड

२/ वाफेचे इंजिन आपला दाब बॉयलरमधून आणते. पेट्रोल-डिझेलच्या इंजिनाला मात्र वातावरण देईल तेवढ्याच हवेवर भागवावे लागते. एक किलो पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी सुमारे १४.७ किलो हवा लागते. म्हणजे ताकदीची खरी मर्यादा इंधनाची नसून हवेची आहे.

३/ स्वित्झर्लंडचे अभियंते आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ साली यावर उपाय सुचवून पेटंट मिळवले. धुरांड्यातून वाया जाणाऱ्या गरम वायूंनी एक चक्र फिरवायचे आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चक्राने ताजी हवा दाबून सिलिंडरमध्ये भरायची. कल्पना साधी होती. पण ती उष्णता सोसणारे धातू मिळेपर्यंत वीस वर्षे गेली. १९२० च्या दशकात जर्मन जहाजांच्या डिझेल इंजिनांची ताकद या युक्तीने १७५० वरून २५०० अश्वशक्तीवर गेली.

४/ दरम्यान विमानांपुढे वेगळाच प्रश्न होता : उंचीवर हवा विरळ होते. १९१८ साली सॅनफर्ड मॉस यांनी ‘लिबर्टी’ हे विमानाचे इंजिन अमेरिकेतील पाइक्स पीक या १४,००० फुटांहून उंच डोंगरावर नेले. सपाटीवर सुमारे ३५० अश्वशक्ती देणारे ते इंजिन तेथे २३० वर घसरले. टर्बो जोडताच ते ३५६ वर पोहोचले.

५/ मोटारींच्या इतिहासातला मोठा धडा १९५२ चा. इंडियानापोलिसच्या ५०० मैलांच्या शर्यतीत कमिन्स कंपनीची टर्बो डिझेल गाडी ताशी १३८ मैलांचा वेग गाठून सर्वांत पुढच्या जागेवरून सुटली. २०० पैकी ७१ फेऱ्यांनंतर ती बाद झाली. टर्बोचे हवा घेणारे तोंड खाली, पुढच्या बाजूला होते. धावपट्टीवरच्या टायरांच्या रबराचा कचरा त्यात अडकला आणि इंजिनाचा श्वास कोंडला. दहा वर्षांनी, १९६२ मध्ये, याच कंपनीच्या भागीदारीतून पुण्यात ‘किर्लोस्कर कमिन्स’ उभी राहिली.

६/ त्याच १९६२ साली अमेरिकेत ‘ओल्डस्मोबिल जेटफायर’ ही टर्बो मोटार सामान्य ग्राहकासाठी बाजारात आली. हवा दाबली की ती तापते. आणि तापलेले मिश्रण वेळेआधीच स्फोटासारखे पेटते. यालाच मेकॅनिक ‘नॉकिंग’ म्हणतात. ते टाळण्यासाठी या गाडीत पाणी आणि मिथेनॉल यांचे मिश्रण फवारले जाई. अनेक मालक ही टाकी भरायलाच विसरत. टाकी रिकामी झाली की टर्बोचा दाब आपोआप कमी होई आणि घेतलेली ताकद नाहीशी होई. १९६३ नंतर ही गाडी बंद झाली.

७/ १९७७ साली स्वीडनच्या साबने आपली ‘९९ टर्बो’ सादर केली. तिची भिस्त वेस्टगेटवर होती : दाब ठरलेल्या मर्यादेला पोहोचला की ही झडप उघडते आणि जादा वायू चक्राला वळसा घालून बाहेर जातात. पुढे १९८० च्या दशकाच्या आरंभी याच कंपनीने नॉकिंग ओळखून दाब आपोआप उतरवणारी यंत्रणा आणली.

८/ हौशी हातांनी नेमकी हीच झडप हेरली. तिला दाबाची वर्दी देणाऱ्या नळीतून थोडी हवा बाहेर सोडली, की झडप उशिरा उघडते आणि दाब वाढतो. अगदी किरकोळ खर्चात गाडी झेपावू लागते. मात्र तोच दाब पिस्टन, हेड गॅस्केट, क्लच आणि बेअरिंगपर्यंत पोहोचतो. इंजिनात इलेक्ट्रॉनिक नियंत्रण आल्यावर स्क्रू-नळीची जागा ‘रिमॅप’ने घेतली, व्यवहार मात्र तोच राहिला.

९/ हा व्यवहार कारखाना कसा करतो, याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. पुण्याजवळच्या रांजणगावात बनलेले १२४८ सीसीचे डिझेल इंजिन ७५ अश्वशक्तीचेही होते आणि सुमारे ९० चेही. वरच्या प्रकारात केवळ संगणकातले आकडे बदललेले नव्हते. टर्बोच वेगळा, पात्यांचा कोन बदलणारा होता. रिमॅप करणारा हौशी मालक बहुधा फक्त आकडे बदलतो.

१०/ कायद्याची भूमिकाही स्पष्ट आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत फेरफारांना मनाई करते. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती मनाई अधोरेखित केली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक फेरफारासाठी मालकाला ५००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली.

११/ वाशिमच्या तरुण चालकासाठी यातली खरी मेख महामार्गाच्या स्वरूपात आहे. गावातल्या रस्त्यावर वाढीव दाब काही सेकंद टिकतो. लगेच वळण, बैलगाडी किंवा गतिरोधक येतो आणि इंजिनाला उसंत मिळते. समृद्धीवर कारंजा, शेलूबाजार, मालेगाव ओलांडत गाडी तासन्‌तास त्याच भारावर धावते. उष्णता साचत जाते, टर्बोतले तेल जळून त्याचा कोळसा धरतो आणि क्षीण झालेला टायर तापतो. शहरातल्या चाचणीत उत्तम ठरलेला बदल येथे निकामी ठरू शकतो.

१२/ म्हणून जुने मेकॅनिक सांगतात ती शिस्त आजही खरी आहे : एअर फिल्टर स्वच्छ ठेवावा, योग्य दर्जाचे तेल वेळेवर बदलावे, लांब पल्ल्यानंतर इंजिन मिनिटभर संथ चालू ठेवूनच बंद करावे. ब्यूखींची वीस वर्षे खर्ची पडली ती हवा कोंबण्याची युक्ती शोधण्यात नव्हे, तर ती हवा पेलणारे यंत्र घडवण्यात. गॅरेजातला एका दुपारचा बदल त्यांतले फक्त पहिले काम करतो. दुसरे तसेच बाकी राहते आणि त्याची वसुली बहुधा भर वेगात होते.